नळाच्या पाण्यातली बुरशी: सोसायटीत आणि चाळीत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडच्या आमच्या सोसायटीची मी सहा वर्षं सेक्रेटरी होते, आणि जून ते सप्टेंबर या दिवसांत ग्रुपवर सगळ्यात जास्त मेसेज पार्किंगचे नाही तर पाण्याचे यायचे. कुणी नळाच्या तोंडाचा फोटो टाकायचं, कुणी बादलीतल्या काळ्या कणांचा, कुणी नुसतंच लिहायचं की पाण्याला कुबट वास येतोय, प्लीज बघा. तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळं एका जागी लिहून काढलंय, जसं समोर बसून सांगते तसंच.

नळाच्या पाण्यात खरंच बुरशी असते का हो? की हे घाबरवायचं काम?

असते, आणि फक्त मुंबईत नाही, जगात जिथे जिथे नळाचं पाणी नीट तपासलंय तिथे थोडीफार बुरशी सापडलीच आहे. अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम, फ्युझेरियम ही त्यातली नेहमीची नावं, शिवाय ऱ्होडोटोरुला आणि कँडिडासारखे यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी. यातले बरेचसे तेच जे आपल्याकडे शिळ्या भाकरीवर, लिंबाच्या सालीवर किंवा पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर येतात. पाण्यात ते तसे कापसासारखे वाढलेले दिसत नाहीत, बीजाणू म्हणून, म्हणजे बुरशीच्या बारीक बियांसारखे, तरंगत असतात. अ‍ॅस्परजिलसचा एक बीजाणू साधारण २ ते ५ मायक्रॉनचा असतो म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक, त्यामुळे ग्लास उजेडात धरून बघितला तरी काहीच कळणार नाही.

मग महापालिका पाणी शुद्ध करते म्हणजे नक्की काय करते? क्लोरीनने बुरशी मरत नाही का?

आपलं पाणी सात तलावांतून येतं: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर, तानसा, विहार आणि तुळशी. यातले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) शहरातच आहेत, बाकीचे लांब, काही तर शंभर किलोमीटरच्याही पलीकडे. त्यातलं बहुतेक पाणी भांडुप आणि पांजरापूरला शुद्ध होतं. तिथे तुरटीच्या जातीचं रसायन घालून गाळाच्या गुठळ्या करतात, त्या खाली बसवतात, मग वाळूच्या फिल्टरमधून पाणी काढतात आणि शेवटी क्लोरीन. बुरशीचे बरेच बीजाणू गाळाबरोबर आणि वाळूतच अडकतात, हा टप्पा लोक विसरतात पण बुरशीसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

उरलेल्यांवर क्लोरीन चालतं, पण ई कोलायसारखे जंतू जितक्या पटकन मरतात तितक्या पटकन बुरशीचे बीजाणू मरत नाहीत. त्यांची भिंत जाड असते आणि काळपट जातींमध्ये मेलॅनिन असतं, आपल्या कातडीत असतं तशाच जातीचं रंगद्रव्य, ते त्यांना क्लोरीनपासून आणि उन्हापासूनही वाचवतं. म्हणजे क्लोरीन कामाचं नाही असं अजिबात नाही हं, क्लोरीन नसतं तर कॉलरा आणि टायफॉइडने आपली काय अवस्था झाली असती ते सांगायला नको. फक्त बुरशीला जास्त क्लोरीन किंवा जास्त वेळ लागतो, आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीपर्यंत येईस्तोवर दोन्ही उरलेलं नसतं.

पण शुद्ध होऊन आलेल्या पाण्यात ती परत येते कुठून?

माझं सगळं म्हणणं याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. तलावापासून आपल्या गेटपर्यंतच्या मोठ्या पाइपांवर कुणीतरी लक्ष ठेवून असतं. गेटपासून नळापर्यंतचा जो दीड-दोनशे फुटांचा रस्ता आहे, म्हणजे अंडरग्राउंड टाकी, पंप, ओव्हरहेड टाकी, खाली उतरणारे पाइप, तो आपला असतो आणि त्याच्याकडे बघायला कुणालाच वेळ नसतो.

टाकीत बुरशी शिरते हवेतून. झाकण नीट बसत नाही, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नाही, व्हेंटचं तोंड उघडं, आणि गच्चीवर कबुतरं. कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकोकस नावाचं यीस्ट मुरतं, ते मुख्यतः सुकल्यावर धूळ होऊन श्वासातून जातं, पण ज्या टाकीच्या झाकणावर कबुतरं बसतात आणि झाकणाला फट आहे तिथे पहिल्या पावसात काय वाहून आत जात असेल त्याचा विचार करा. आत गेल्यावर बुरशीला लागतं काय तर भिंत, थोडा गाळ आणि ऊब. मुंबईत वर्षभर पाणी २५ ते ३० डिग्रीच्या आसपास असतं, बुरशीला अगदी मानवेल असं, आणि मे महिन्यात गच्चीवरची काळी प्लास्टिकची टाकी तापते तेव्हा उरलंसुरलं क्लोरीनही उडून जातं.

मग भिंतीवर थर बसतो, ज्याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी उठल्यावर दातांवर जीभ फिरवली की जे बुळबुळीत लागतं ना, साधारण तसंच. जंतू आधी चिकटतात, चिकट पदार्थ सोडतात, त्यात बुरशीचे धागे रुजतात, आणि मग वरून जाणारं क्लोरीन त्या थराच्या आतपर्यंत पोचतच नाही. पंप सुरू झाला किंवा पाण्याचा जोर अचानक वाढला की त्याचे तुकडे सुटून नळात येतात. म्हणून तक्रारी बहुतेक सकाळच्या पहिल्या पाण्याच्या असतात.

नळाच्या तोंडाला काळं बुळबुळीत येतं, मोरीत गुलाबी थर येतो, टाकीत हिरवं दिसतं. यातली बुरशी कुठली?

हिरवं म्हणजे शेवाळ, ते बुरशी नाही. शेवाळाला ऊन लागतं, त्यामुळे टाकीत हिरवं दिसलं की समजायचं कुठूनतरी उजेड आत येतोय, झाकण बदला. बुरशीला उजेड लागत नाही, ती अंधारात मजेत वाढते.

गुलाबी थर, जो बाथरूमच्या टाइलच्या फटीत आणि बादलीच्या बुडाशी येतो, तो बऱ्याचदा सेराशिया नावाच्या बॅक्टेरियाचा असतो आणि कधी कधी ऱ्होडोटोरुला या गुलाबी यीस्टचा. डोळ्यांनी फरक कळत नाही आणि घरच्यासाठी उपाय सारखाच: घासा, कोरडं ठेवा.

काळ्याचं जरा सविस्तर सांगते. आमच्या बी विंगमधल्या एका काकूंनी मला घरी बोलावून किचनच्या नळाची जाळी काढून दाखवली, ती टोपी असते ना नळाच्या तोंडाला, फिरवून निघते ती. आत बारीक जाळीवर काळा, शेंबडासारखा थर, कडेला वाळूचे दोन-तीन कण आणि पांढरट क्षार. जुन्या टूथब्रशने घासलं तर तो धाग्याधाग्याने निघाला. असा बुळबुळीत आणि चिवट काळा थर हा बहुतेक वेळा काळ्या यीस्टसारख्या बुरशीचा आणि बॅक्टेरियाचा मिळून असतो. नळाच्या तोंडाशी पाणी पण असतं, हवा पण असते आणि हात धुताना साबणाचे शिंतोडे पण उडतात, म्हणून तिथे जास्त.

पण प्रत्येक काळं बुरशी नसतं! बादलीत काळे कण दिसले तर एक कण बोटांत चिरडून बघा. शाईसारखा काळा डाग पसरला आणि रबरी वाटलं तर तो वॉशर किंवा गिझरच्या फ्लेक्सिबल पाइपच्या आतलं रबर झिजून आलेलं असतं, प्लंबरला बोलवा. कडक, खरखरीत आणि तांबूस असेल तर गंज. बोटाला शेंबडासारखं चिकटलं तर बुरशीचा थर.

पाण्याला मातकट, कुबट वास येतो तो बुरशीचा का?

कधी बुरशीचा, पण जास्त करून नाही. मातकट वास, पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा, तो जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा असतो आणि तो मुख्यतः अ‍ॅक्टिनोमायसिट्स जातीचे बॅक्टेरिया आणि निळंहिरवं शेवाळ तयार करतात, बुरशीच्या काही जातीही करतात. आपलं नाक या बाबतीत इतकं तीक्ष्ण आहे की एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी वास येतो. त्याने अपाय होत नाही पण चहा बिघडतो हे खरं.

बंद कपाटासारखा कुबट वास येत असेल तर मात्र बुरशीचा संशय घ्यायला जागा आहे, कारण काही बुरशी क्लोरीनयुक्त फिनॉलपासून अ‍ॅनिसोल जातीचे वासाचे पदार्थ बनवतात. शेजाऱ्यांकडे विचारा. सगळ्या बिल्डिंगला वास असेल तर टाकी, फक्त तुमच्याकडे असेल तर तुमचा पाइप किंवा फिल्टर. आणि गटाराचा वास आला, पाणी गढूळ आलं तर बुरशीचा विचार सोडा आणि लगेच वॉर्ड ऑफिसला तक्रार करा. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं, बाकी वेळ पाइप रिकामा, तेव्हा तडा गेलेल्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि हा धोका बुरशीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

असं पाणी पिऊन आपण आजारी पडतो का?

धडधाकट माणूस, नाही. पोटातलं आम्ल आणि आपली प्रतिकारशक्ती एवढ्या बुरशीला पुरून उरते, आपण रोज श्वासातूनही बीजाणू घेतच असतो. जुलाब, कावीळ, टायफॉइड झाला तर कारण आधी बॅक्टेरिया किंवा व्हायरस शोधायचं. काही बुरशी विषारी पदार्थ बनवतात, अफ्लाटॉक्सिन वगैरे, त्याबद्दल शेंगदाण्याच्या संदर्भात वाचलेलं असतं म्हणून लोक घाबरतात. पाण्यातही ते आढळलेत पण पाण्यात ते इतके पातळ होतात की धान्यातल्या विषाची भीती इथे लावायचं कारण नाही.

ज्यांना दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र ओलसर बाथरूमकडे लक्ष द्यावं, त्रास पिण्यातून कमी आणि हवेतून जास्त होतो.

मग जपायचं कुणी?

ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खाली आलीय त्यांनी. केमो चालू असलेले, बोन मॅरो किंवा किडनी ट्रान्सप्लांट झालेले, खूप दिवस स्टिरॉइड घेणारे, अनकंट्रोल्ड डायबिटीसवाले. परदेशातल्या हॉस्पिटलांमध्ये बोन मॅरोच्या पेशंटच्या वॉर्डातल्या पाण्यात आणि शॉवरमध्ये अ‍ॅस्परजिलस आणि फ्युझेरियम सापडलेत, आणि शॉवर चालू केला की बीजाणू बाथरूमच्या हवेत वाढतात हेही दिसलंय. म्हणजे धोका ग्लासापेक्षा फवाऱ्यातून जास्त.

माझ्या सासूबाईंची केमो चालू होती तेव्हा डॉक्टर प्रत्येक व्हिजिटला जेवण विचारायचे, पाणी उकळता का विचारायचे, शॉवरबद्दल कुणीच काही बोललं नाही. एका नर्सताईंनी जाता जाता सांगितलं की आजींना शॉवरखाली नका नेऊ, बादलीनेच घाला आणि बाथरूम आधी कोरडं करून घ्या. घरी येऊन शॉवरचं डोकं उघडलं तर आत तोच काळा थर, आठ वर्षांत एकदाही उघडलेलं नव्हतं. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं, म्हणूनच मी हे सगळं वाचायला लागले. तुमच्या घरात असा पेशंट असेल तर स्वतःहून डॉक्टरांना विचारा: पाणी कुठलं, आंघोळ कशी, किती दिवस.

२०२१ मधला ब्लॅक फंगस पाण्यातून आला होता का?

नळाचं पाणी पिऊन नाही. ब्लॅक फंगसचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, बीजाणू माती, कुजका पाला, हवा यांत असतात आणि ते नाकातून जातात. कोविडमध्ये वाढलेली साखर आणि स्टिरॉइड यांनी त्यांना वाट मिळाली. पाण्याचा संबंध एवढाच की ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायर बाटलीत नळाचं पाणी घालू नका, स्टराइल पाणी वापरा आणि रोज बदला असं तेव्हा सांगितलं गेलं, ते आजही लागू आहे. जलनेती करणाऱ्यांनाही हेच सांगते, नाकात जाणारं पाणी उकळून गार केलेलंच पाहिजे, नळाचं थेट नको.

उकळल्यावर बुरशी मरते का? आणि तुरटी फिरवली तर?

मरते. खळखळून उकळी येऊ दे, मिनिटभर राहू दे, मग झाकून गार करा. काही मोजक्या जातींचे बीजाणू उष्णता सहन करतात पण पिण्याच्या पाण्यासाठी ती चिंता नको. उकळलेलं पाणी बुळबुळीत माठात ओतलं तर मात्र सगळं मुसळ केरात. माठ दर दोन-तीन दिवसांनी आतून घासून उन्हात वाळवायचा.

तुरटीने गाळ बसतो, जंतू किंवा बुरशी मरत नाही.

आमच्याकडे आरओ आहे, मग काळजी नाही ना?

आरओच्या मेम्ब्रेनमधून बीजाणू जाऊच शकत नाही, तिची छिद्रं त्याच्यापेक्षा हजारो पट लहान असतात. यूएफमधूनही, म्हणजे अतिबारीक छिद्रांच्या गाळणीतूनही, नाही जात. नुसत्या यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याचं, तसं नाही, काळ्या रंगद्रव्याचे बीजाणू यूव्हीलाही बऱ्यापैकी दाद देत नाहीत.

पण गोची पुढे आहे. कार्बनचा फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, म्हणजे पुढच्या छोट्या टाकीत आणि नळीत पाण्याला कसलंच संरक्षण नसतं. तिथे पाणी दिवस दिवस पडून राहतं, सर्व्हिसवाला कार्ट्रिज बदलतो आणि टाकी कुणी उघडत नाही. पुढच्या सर्व्हिसला त्याला समोर उभं राहून टाकी उघडायला सांगा, आतून बोट फिरवून बघा. मुंबईच्या तलावांचं पाणी मुळात मऊ, कमी क्षाराचं, त्यामुळे नुसतं महापालिकेचं पाणी असेल तर आरओची गरज किती हाही विचार करा, टँकर किंवा बोअरवेलवाल्यांची गोष्ट वेगळी.

वीस लिटरचा जार जास्त सुरक्षित का?

यातली गंमतशीर बाब बघा, पॅकबंद पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १४५४३ मध्ये, यीस्ट आणि मोल्ड (धाग्यांची बुरशी) २५० मिलिलीटरमध्ये असताच कामा नये असं स्पष्ट लिहिलंय. नळाच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये बुरशीसाठी असा आकडाच नाही. स्वीडनने त्यांच्या नळाच्या पाण्यासाठी १०० मिलिलीटरमध्ये १०० कॉलनी (लॅबमध्ये वाढवल्यावर दिसणारे बुरशीचे ठिपके) अशी पातळी नियमात घातली होती, असं करणारे देश फार थोडे. पण मानक लागू होतं सीलबंद, आयएसआय मार्कच्या पाण्याला. सील नसलेला, निळा, ओरखडे पडलेला थंड जार जो कोपऱ्यावरून येतो त्याच्यावर कुठलाच मार्क नसतो, आणि ऑफिसातल्या डिस्पेन्सरचा तो पांढरा नळ शेवटचा कधी घासला ते कुणी सांगू शकत नाही.

तपासून घ्यायचं असेल तर?

आधी क्लोरीन तपासा, स्वस्त आणि दोन मिनिटांचं काम. क्लोरीन तपासायच्या किटमधले ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, डीपीडीची गोळी टाकली की गुलाबी. आयएस १०५०० प्रमाणे घरच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरलेलं पाहिजे. गेटवरच्या पाण्यात आहे आणि गच्चीच्या टाकीनंतर शून्य, असं आलं तर दोष कुठे ते कळलंच.

लॅबला नुसतं ‘पाणी तपासा’ म्हटलं तर ते कोलिफॉर्म आणि ई कोलाय, म्हणजे मैल्याची खूण असलेले बॅक्टेरिया, बघतात. बुरशी हवी असेल तर ‘यीस्ट अँड मोल्ड काउंट’ असं वेगळं लिहून द्यावं लागतं आणि रिपोर्टला पाच-सात दिवस लागतात कारण बुरशी सावकाश वाढते. कोलिफॉर्म नाही आले म्हणजे बुरशी नाही असं होत नाही, आणि उलटही नाही. अजून एक, ती एचटूएसची छोटी बाटली मिळते ज्यात पाणी काळं पडतं, ते काळं म्हणजे काळी बुरशी नव्हे, ती मैल्याच्या प्रदूषणाची खूण आहे आणि जास्त गंभीर आहे.

टाकी कशी धुवायची? कॉन्ट्रॅक्टर तर सर्टिफिकेट देऊन जातो.

आम्हालाही दिलं होतं सर्टिफिकेट. मी तेव्हा नवीन होते, दोन महिन्यांनी वॉचमनकाकांबरोबर टॉर्च घेऊन गच्चीवर चढले आणि आत बघितलं तर पाण्याच्या रेषेवर, म्हणजे जिथपर्यंत पाणी भरतं तिथे, चारही भिंतींवर हाताच्या रुंदीचा काळपट पट्टा. त्यांनी वरून होज मारून गाळ काढला होता, भिंत घासलीच नव्हती. बुरशी राहते त्या पट्ट्यात. तेव्हापासून आमचा नियम, घासताना कमिटीतलं एक जण वर हजर.

पाणी काढून टाकायचं, भिंती आणि झाकणाची आतली बाजू ताठ ब्रशने घासायची, गाळ पूर्ण उपसायचा. मग टाकी भरून १००० लिटरला साधारण १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन होतं, पण पावडर थेट टाकायची नाही, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी ओतायची. चोवीस तास ठेवता आलं तर उत्तम, दोन कप्पे असतील तर एकेक करून जमतं. प्रत्येक घरातला नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा म्हणजे पाइपातही पोचेल, त्या काळात ते पाणी कुणीही प्यायचं नाही, आणि नंतर सगळं सोडून देऊन वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवायचं. वर्षातून दोनदा, एकदा पावसाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या आधी.

आणि हे कळकळीने सांगते: ब्लीचिंग पावडर आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही एकत्र नाही, विषारी वायू होतो. अंडरग्राउंड टाकीत एकट्या माणसाला उतरवायचं नाही. झाकणं आधी उघडी ठेवून हवा खेळू द्या, पंपाची लाइट बंद करा, वर दुसरा माणूस थांबलाच पाहिजे, कारण अशा बंद टाक्यांमध्ये गुदमरून लोक गेलेत. खाली कुणी पडला तर त्याच्या मागोमाग उडी टाकू नका, १०१ ला फोन करा.

आम्ही चाळीत राहतो, टाकी नाही, पिंपात पाणी भरतो. आम्ही काय करायचं?

तुमचं एका अर्थी बरं आहे, पिंप दर आठवड्याला रिकामं करून घासता येतं, आमची टाकी नाही. आतून जिथे कडेला वळण आहे तिथे आणि झाकणाच्या खोबणीत थर जास्त बसतो. हात बुडवून तांब्या घालायचा नाही, लांब दांड्याचा डाव ठेवा. नळाला जोडायची ती हिरवी नळी पाणी भरून झालं की उंच टांगून निथळू द्या, मोरीत गुंडाळून ठेवली की आतून बुळबुळीत होते आणि रोज पहाटेचं चांगलं पाणी त्याच्यातून जातं.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाऊन आलो की पाणी वेगळंच लागतं, असं का?

पाइपात पाणी साचून राहिलं, क्लोरीन संपलं, थर वाढला. आल्या आल्या खिडकी उघडा, नळांच्या जाळ्या काढून घासून घ्या, शॉवर असेल तर त्याचं डोकं काढून नुसत्या पाइपातून पाणी सोडा म्हणजे फवारा उडत नाही. प्रत्येक नळ पाचेक मिनिटं वाहू द्या, ते पाणी बादलीत धरून लादी पुसायला आणि संडासला वापरता येतं. आरओची टाकी दोनदा भरून रिकामी करा. जाताना माठ पालथा घालून गेला असाल तर तो तसाच घ्या, भरलेला ठेवून गेला असाल तर आधी घासा आणि एक दिवस उन्हात ठेवा.